दुसरं म्हणणं

शर्टाच्या खिशाखाली शाईचा डाग पडला होता आणि तो जुईलीनं पाहिला, खरं तर झालं ते एवढंच. एप्रिलातली दुपार, अकोल्याच्या कोर्टाचा व्हरांडा, आणि कोर्टानंच ठरवून दिलेली बाप-लेकीची भेट. आठ वर्षांची पोर बाकाच्या कडेवर बसून पाय हलवत होती. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या शर्टाला शाई लागलीय." यशोधननं मान खाली घालून डाग पाहिला. 'धंद्याचा डाग आहे, जायचा नाही,' असलं काहीतरी वकिली तो बोलणार, तोच त्याच्या कानावर आलं की पोर पुन्हा बोलतेय. त्याच्याशी नव्हे. समोरच्या भिंतीकडे पाहत, ओठांतल्या ओठांत, एकेक शब्द सुटा करून: "शर्टाला... शाई... लागलीय." आणि शेवटच्या शब्दाबरोबर तिनं उजव्या हाताचा अंगठा फ्रॉकवर, मांडीपाशी दाबला, जरा वेळ तसाच ठेवला आणि उचलला. मग पुन्हा पाय हलवायला लागली. बाहेर सावलीसुद्धा पोळत होती, पण यशोधन तिच्यापासून जरासा मागं सरकला. का, ते त्याला कळलं नाही. किंवा कळू नये म्हणून त्यानं घाईघाईनं रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

यशोधन अमरावतीचा वकील. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. त्याच्या घराण्यात तीन पिढ्यांत कोणी शहाणा निघालाच नव्हता, सगळे वकील. बायको आकांक्षा अकोल्याजवळच्या शेतकरी घरातली, कॉलेजात शिकवणारी. गेल्या वर्षी ती मुलीला घेऊन माहेरी निघून आली होती, आणि मुलीनं कोणाकडे राहायचं यावर आता दोघांचा दावा चालला होता. भेटीची वेळ संपली तशी ती आली, मागून तिचे वडील नत्थुजी, हातात पाण्याची बाटली आणि डोक्याला उपरणं. जुईली धावत आजोबांकडे गेली. आकांक्षा मात्र तिथंच थांबली. "ऐकलंत तिचं?" ती म्हणाली. यशोधननं "काय?" म्हटलं. "आपलंच वाक्य पुन्हा म्हणते ती. दिवसभर. भाजी नको म्हणते, मग हळूच पुन्हा, भाजी नको. शाळेत पोरं तिला डब्बल म्हणून चिडवतात. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, पुष्कळ मुलं असं करतात, रागावू नका. पण हिचं एकाएकी सुरू झालंय, तर घरात काही घडलं होतं का ते आठवा." ती भांडायला आली असती तर यशोधनला सोपं गेलं असतं, ती मागायला आली होती. "मले ठाऊक आहे तेवढ्यानं तर हे उलगडत नाही, माह्या माघारी काही झालं असेल. तुम्हाला आठवत असेल तर सांगा. केसमध्ये वापरणार नाही मी, आईची शप्पथ. पोरीसाठी विचारून राहिले."

"तुझ्याकडे राहते ती," यशोधन म्हणाला. "मला काय माहीत?"

मग नत्थुजी बोलले, नातीच्या केसांवरून हात फिरवत, कोणाला दोष न देता. "जावईबापू, पोट्टी झोपेतबी पुटपुटते. मी इचारलं, काहून वं माय, एक डाव बोललं त पुरे नाई होत का? त मले म्हनते, आबाजी, नाईतर दुसरं कोनी बोलते." ते कसंनुसं हसले. "आमाले त्याचा अर्थ नाई लागला. तुमी शिकेल मानूस, तुमाले लागला त सांगजा."

अमरावतीकडे परतताना गाडीचा एसी पूर्ण सोडूनही यशोधनची पाठ भिजत होती. मन आपलं भलतीकडेच धावत होतं, म्हणजे जिकडे धावू नये नेमकं तिकडे. वसंतराव, त्याचे वडील, एके काळी अमरावतीच्या कोर्टात ज्यांच्या उलटतपासणीला लोक सिनेमासारखी गर्दी करत, ते त्याला शिकवत: साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोलतो, ती नुसती हवा. न्यायाधीश ते ऐकतात, निवडतात, नीटनेटकं करतात आणि टाइप करणाऱ्याला पुरेल अशा संथ चालीनं स्वतः पुन्हा म्हणतात. कागदावर उतरतं ते हे दुसरं म्हणणं. त्याखाली साक्षीदाराची सही नाहीतर अंगठा. 'पहिलं म्हणणं त्याचं, दुसरं कोर्टाचं. आणि जगात टिकतं ते दुसरं.' वसंतरावांनी ही विद्या घरीसुद्धा आणली होती. आई म्हणायची, 'आज फार गळून गेल्यासारखं वाटतंय हो.' वसंतराव पेपरातून मान वर न काढता, संथ चालीत म्हणायचे, 'साक्षीदाराची... प्रकृती... ठीक आहे.' घरात हशा पिकायचा. यशोधन हसायचा, आईही हसायची. पुढं ती गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, दुखणं फार जुनं आहे, इतके दिवस बोलल्या कशा नाहीत? ती बोलली होती. पण ते लिहून कोणी घेतलं होतं?

यशोधननं हे पुढं चालवलं, त्यात त्याला काही गैर वाटलं नाही. बापाचं नाक जसं घेतलं तशी बापाची चालही घेतली. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आकांक्षाला पेपर तपासायला बसावं लागायचं, तेव्हा तो जुईलीला कोर्टात घेऊन जायचा. मागच्या बाकावर चित्रं काढत ती शहाण्यासारखी बसे. एकदा घरी येताना स्कूटरवर मागून तिनं विचारलं, "बाबा, तो माणूस बोलला होता ना? मग साहेब तेच पुन्हा का बोलले?" तो म्हणाला, "पुन्हा बोलल्याशिवाय ते खरं होत नाही." मुलांना असली झटपट उत्तरं देऊ नयेत. आपण विसरतो, ती विसरत नाहीत. तेव्हापासून घरी कोर्ट-कोर्ट सुरू झालं. झोपाळ्यावर न्यायाधीश म्हणून बाबा, टेबलापाशी साक्षीदार म्हणून ती. कप कोणी फोडला? 'मांजरानं.' झोपाळा सावकाश हलायचा आणि निर्णयाचा आवाज यायचा: 'कप... जुईलीच्या हातून... फुटला.' ती खिदळायची, "नाही, नाही," करायची, आणि मग ऑफिसातल्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबून रद्दी कागदावर उमटवायची, कारण तो निळा अंगठा तिला फार आवडायचा. आकांक्षा स्वयंपाकघरातून ओरडायची, 'पोरीचा अंगठा खराब करून राहिले तुमी!' चांगले दिवस होते ते. म्हणजे यशोधनला तरी ते तसे आठवत.

आणि मग ती संध्याकाळ. आकांक्षाला अकोल्याच्या कॉलेजात कायमची नोकरी मिळत होती, त्याला ते नको होतं. शब्दानं शब्द वाढला. तिनं म्हटलं, 'तुमच्या घरी माह्या बोलण्याले किंमतच नाही,' आणि तो गावठी सूर ऐकून त्याचं डोकं फिरलं, की ते म्हणणं खरं होतं म्हणून फिरलं, कोण जाणे. त्यानं तिला ढकललं. फार जोरात नाही, असं तो स्वतःला सांगे. पण ओट्याच्या कडेला हे माहीत नव्हतं. मनगट मोडलं. दारात जुईली उभी होती, पाण्याचा ग्लास घेऊन. प्लास्टर घालून आल्यावर आकांक्षा गोळ्यांनी झोपली, आणि यशोधन झोपाळ्यावर बसला. त्या घाईत कोणी काही विचारलं नव्हतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात जायचं होतं, तिथं विचारणार होते. त्यानं हाक मारली, "जुईली, चल, कोर्ट-कोर्ट." ती आली. रडून डोळे सुजलेले, पण खेळ म्हटल्यावर आली. "आईला काय झालं?" ती म्हणाली, "तुम्ही आईला ढकललं." झोपाळा हलला. "फरशीवर... पाणी होतं. आईचा... पाय... घसरला." ती हसली नाही. तिनं पुन्हा सांगितलं, "बाबा, तुम्ही ढकललं." त्यानं पुन्हा तेच म्हटलं, जराही न रागावता, आवाज चढवणारा वकील कच्चा, हे त्याला लहानपणापासून पाठ होतं. ती सांगत गेली, तो म्हणत गेला. एका क्षणी ती सांगायची थांबली. त्यानं पॅड उघडलं. तिनं अंगठा दिला, तोही स्वतःहून नाही, त्यानं मनगट धरून. मग त्यानं तिला कुल्फी आणून दिली आणि ती तिनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी सहज विचारलं, आणि आकांक्षाच्या शेजारी उभं राहून पोर म्हणाली, "फरशीवर पाणी होतं. आईचा पाय घसरला." डॉक्टरांनी तेच कागदावर लिहिलं. आकांक्षानं नवऱ्याकडे पाहिलं नाही, पोरीकडे पाहिलं. ढकलणं तिनं कदाचित गिळलंही असतं, बायका काय काय गिळतात. हे वाक्य तिला गिळता आलं नाही. आठवडा व्हायच्या आत ती गेली.

मूर्तिजापूरच्या अलीकडे यशोधननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. एक ट्रक हॉर्न देत गेला, मग दुसरा. नाईतर दुसरं कोनी बोलते. अर्थ लागायला शिकेल मानूस असायची काही गरज नव्हती, झोपाळ्यावर बसलेला असायला हवा होता. पोरगी अडखळत नव्हती, घोकत नव्हती, आजारीही नव्हती. ती आपलं दुसरं म्हणणं आपणच म्हणून टाकत होती, दुसऱ्या कोणी म्हणायच्या आत. भाजी नको, याचं कोणी भाजी हवी करू नये म्हणून. अंगठासुद्धा स्वतःच उमटवत होती, कोणी मनगट धरायच्या आधी. एवढीशी पोर दिवसभर स्वतःच्या प्रत्येक वाक्याला पहारा देत होती. यशोधननं स्टीअरिंगवर कपाळ टेकलं, आणि ते नाटक नव्हतं. त्याचं तिच्यावर प्रेम होतं; अशा माणसांचंही असतं, हीच तर आफत. त्यानं फोन काढला. आकांक्षाचं नाव समोर आणलं. सांगायचं होतं एकच वाक्य. काचा बंद होत्या, तेव्हा त्यानं ते आधी म्हणून पाहिलं: "मी तिच्याकडून खोटं वदवून घेतलं होतं." गाडीत ते फार मोठ्यानं ऐकू आलं. दुसऱ्यांदा त्यानं ते म्हटलं नाही. कारण हे वाक्य एकदा अकोल्यात पोचलं की दावा गेला, पोर गेली, वकिली गेली, आणि वकिलांच्या बाररूममध्ये उद्यापासून चहा पिणंही मुश्कील. ती केसमध्ये वापरणार नाही म्हणाली होती. पण वकिलानं शपथेवर कधीपासून विश्वास ठेवावा? त्याचं बोट खाली सरकलं. त्यानं खुशालरावांना फोन लावला, अकोल्यात त्याची बाजू मांडणाऱ्या म्हाताऱ्या वकिलांना.

"पोरीला पढवलंय," तो म्हणाला. आवाज अजून जड होता, त्यामुळे बापाच्या काळजातून आल्यासारखा वाटला. "प्रत्येक वाक्य पाठ केल्यासारखं पुन्हा म्हणते. शाळेतही म्हणते, आई स्वतः कबूल करते. डॉक्टरकडे नेली होती." पलीकडे खुशालराव खूश झाले. "अरे वा, हे तं पोपटपंची झाली वकीलसाहेब! जजमॅडम पोट्टीले चेंबरमध्ये इचारतीनच. मी आधीच अर्ज देऊन ठेवतो का पोरगी पढवून आनली हाय, बोलनं ध्यानात घ्यावं. मंग ती दोनदा बोलली का आपलं काम फत्ते. आन दवाखान्याचा कागद हायेच आपल्याजवळ, पाय घसरला मनून." जरा थांबून त्यांनी विचारलं, "पन ते दोनदा बोलते काहून, तुमाले काई अंदाज?" यशोधन म्हणाला, "नाही." गाडी सुरू करताना त्याच्या ध्यानात आलं की आपला आवाज जराही चढला नव्हता, आणि त्याला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं.

चेंबरमध्ये कूलर घरघरत होता. न्यायाधीश बाई मायाळू होत्या. त्यांनी जुईलीला आपल्या टेबलाशी खुर्ची दिली, चॉकलेट दिलं. आई-बापांना मागं दाराशी बसवलं होतं, म्हणजे मुलीला ते दिसू नयेत. यशोधनला तिच्या दोन वेण्या दिसत होत्या आणि टेबलाच्या कडेवरचा उजवा हात. शाळेत काय आवडतं? "चित्रकला." मग हळू, सुटं: "चित्र... कला." अंगठा टेबलाला लागला. बाईंनी समोरच्या अर्जावर नजर टाकली. आकांक्षानं ती नजर पाहिली आणि ती खुर्चीत पुढं सरकली; अर्जात काय आहे ते तिला त्याच सकाळी कळलं होतं. कोणाकडे राहायला आवडेल, बाळा? "मला आईजवळ राहायचं आहे." यशोधन वाट पाहत होता. आपल्याच लेकरानं तोंड उघडावं म्हणून इतक्या आशेनं त्यानं कधी वाट पाहिली नव्हती, तिच्या पहिल्या शब्दाचीसुद्धा नाही. "मला... आईजवळ... राहायचं... आहे." बाईंनी चष्मा काढला. "हे वाक्य तुला कोणी शिकवलंय का?"

"कोणी नाही," जुईली म्हणाली. आणि मग, "कोणी... नाही."

बाईंनी सुस्कारा टाकला. बाबांकडे का नको, असं त्यांनी विचारलं तेव्हा पोरीनं चॉकलेट टेबलावर ठेवलं. तिची पाठ ताठ झाली. "बाबांनी आईला ढकललं होतं." आकांक्षाचा हात तोंडावर गेला. एवढ्या दिवसांत पोरीच्या तोंडून हे वाक्य तिच्याही कानावर कधी आलं नव्हतं. आणि पोरीनं ते पुन्हा म्हटलं, फार जपून, एक शब्द सांडू न देता: "बाबांनी... आईला... ढकललं होतं." अंगठा इतका दाबला की नखाखाली पांढरं झालं. तिच्या हिशेबी ते आता पक्कं झालं होतं. कोणालाही बदलता येणार नव्हतं. बाईंनी कागद उलटला. "पण दवाखान्यात तर तू म्हणाली होतीस, आईचा पाय घसरला?" जुईलीनं मान वळवून मागं पाहिलं, आईकडे नाही, बापाकडे. तिच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. तुम्हाला तर माहीत आहे, सांगा ना, एवढंच होतं. यशोधननं छताकडे पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर धूळ साचली होती.

मुलीची इच्छा तिची स्वतःची दिसत नाही, ती पढवल्यासारखी बोलते, म्हणून पुढच्या आदेशापर्यंत तिनं वडिलांकडे राहावं, असं कागदावर आलं. खुशालरावांनी पाठीवर थाप मारली. व्हरांड्यात त्याच बाकापाशी आकांक्षा गुडघ्यांवर बसून पोरीच्या वेण्या पुन्हा घालत होती, आधीच्या सुटल्या नसताना. नत्थुजी यशोधनजवळ आले आणि म्हणाले, "आमी पोरीले काईच पाठ नाई करून देल्लं बापू. तुमाले ठाऊक हाय." उत्तराची वाट न पाहता ते खांबाकडे तोंड करून उभे राहिले. आकांक्षानं रिबिनीची गाठ मारली, पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिला वाटलं, चूक सापडली आहे. ती दुरुस्त केली की पुढच्या तारखेला लेक परत मिळेल. सगळ्या आयांना वाटतं तसंच. "ऐक माय," ती म्हणाली, "जे बोलायचं ते एकदाच बोलत जाय. दुसऱ्यांदा नको बोलू. दुसऱ्यांदा बोलल्यानंच झालं हे सारं. कबूल?" जुईलीनं ओठ उघडले, मग मिटले. मान हलवली.

तिच्या कपड्यांची बॅग मागच्या सीटवर होती आणि ती पुढं, पट्टा लावून, हात मांडीवर ठेवून. मूर्तिजापूर मागं पडेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. यशोधन बोलत होता: नवी शाळा, नवी सायकल, सुट्टीत चिखलदऱ्याला जाऊ, तिथं गार असतं. जिंकल्याचा आनंद होत होता आणि तो कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. बडनेऱ्याच्या अलीकडे एका हॉटेलपाशी त्यानं गाडी थांबवली. आत पोऱ्यानं न सांगताच पाणी आणून ठेवलं. यशोधननं आलूबोंडा-रस्सा मागवला, तिला आवडतो म्हणून, निदान आवडायचा म्हणून. ताटली समोर आली तशी ती म्हणाली, "मला भूक नाही."

यशोधन थांबला. आपण कशासाठी थांबलो आहोत ते त्याला एका क्षणानं कळलं. दुसरं वाक्य आलं नाही. पोर ओठ मिटून बसली होती, आईला दिलेला शब्द पाळत, आणि त्याच्या तोंडाकडे पाहत होती. रागानं नाही, भीतीनंही नाही. साक्षीदार आपलं सांगून झाल्यावर वर न्यायाधीशाकडे पाहतो, आता तुमचं होऊ द्या म्हणून, तशी. दुसऱ्या म्हणण्याची जागा रिकामी होती. त्या जागेला हात न लावता तो राहू शकला असता. भूक नाही तर नाही, एवढंच म्हणायचं होतं. जगातला कोणताही बाप म्हणतो. त्याला खरंच तसं म्हणायचं होतं. त्यानं घसा खाकरला, आणि निघाला तो आवाज संथ होता, टाइप करणाऱ्याला पुरेल असा.

"जुईलीला... भूक... लागलीय."

तिनं मान हलवली. टेबलावर उजवा अंगठा ठेवला, दाबला, उचलला. मग ताटली पुढं ओढली. रस्सा फार तिखट होता, तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तिनं सगळं खाल्लं.